जंतांच्या मागे लागायचं असेल तर

एमएस्सीचे निकाल लागले की दरवर्षी काही मुलंमुली भेटायला येतात, काही मेल करतात. प्रश्न ठरलेला असतो: ‘मॅडम, पॅरासाइटॉलॉजीत स्कोप आहे का?’ आईवडिलांचा प्रश्न जरा वेगळा असतो. एवढं शिकून शेवटी शीच तपासायची? मी पाण्यातून आणि अन्नातून पोटात जाणाऱ्या परजीवींवर, म्हणजे दुसऱ्याच्या शरीरावर जगणाऱ्या जीवांवर, काम करते; त्यांचं शास्त्र ते पॅरासाइटॉलॉजी. शिक्षण पुण्यात झालं, काम बहुतेक पुण्यात आणि आसपासच्या तालुक्यांत. दर वेळी तेच घाईघाईत सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते आहे.

स्कोपचं आधी उरकते. ‘परजीवीशास्त्रज्ञ पाहिजे’ अशी जाहिरात क्वचित दिसते. काम मात्र साठून राहिलंय, कारण हा विषय धड कुणाच्याच वाट्याला आलेला नाही. वैद्यकीय महाविद्यालयात तो मायक्रोबायोलॉजीतला एक भाग. पशुवैद्यकात त्याचा स्वतंत्र विभाग असतो, पण तिथलं लक्ष साहजिकच गायीम्हशी आणि शेळ्यामेंढ्यांवर. प्राणिशास्त्र विभागांत एके काळी या विषयाचा दबदबा होता, आता जो तो मॉलिक्युलरकडे, म्हणजे डीएनएच्या कामाकडे, वळलाय. पाणीपुरवठ्याच्या लोकांच्या लेखी क्लोरीन टाकला, कोलिफॉर्म (पाण्यात मैला मिसळल्याची खूण मानले जाणारे जिवाणू) आले नाहीत, की प्रकरण मिटलं. परजीवी मात्र माणूस, जनावर, ओढा आणि भाजीचा वाफा यांच्यातल्या हद्दी पाळत नाही. डॉक्टर, पशुवैद्य, पाण्याचे इंजिनिअर आणि भाजीवाले शेतकरी, या सगळ्यांशी ज्याला त्यांच्या त्यांच्या भाषेत बोलता येतं, त्याला काम मिळतं. पदाचं नाव काहीही असू दे.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या विषयात एखादा जीव सापडणं तुलनेने सोपं असतं. ‘सापडला नाही’ हे वाक्य सही करून लिहून देता येणं, हे खरं शिक्षण. त्याला वर्षं लागतात.

रिपोर्ट स्वच्छ म्हणजे पाणी स्वच्छ?

१९९३ च्या वसंतात अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात सुमारे ४ लाख ३ हजार लोकांना जुलाब झाले, असा नंतरचा अंदाज आहे. कारण होतं क्रिप्टोस्पोरिडियम, थोडक्यात क्रिप्टो, हा आतड्यात वाढणारा एकपेशीय परजीवी. शहराच्या शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडलेलं पाणी तेव्हाच्या नियमांत बसत होतं. क्लोरीन होता, कोलिफॉर्मचा रिपोर्ट ठीक होता. दवाखान्यांच्या प्रयोगशाळा शौचाच्या नमुन्यात क्रिप्टोस्पोरिडियम नेहमी शोधतच नव्हत्या, त्यामुळे सुरुवातीला तोही ‘सापडला नाही’.

क्लोरीनचं गणित एकदा समजून घेतलं की पुढचं सोपं जातं. पाण्यात १ पीपीएम मुक्त क्लोरीन असेल तर ई. कोलाय (कोलिफॉर्मपैकीच एक जिवाणू) मिनिटाभराच्या आत संपतो. जिआर्डिया या दुसऱ्या एकपेशीय परजीवीच्या सिस्टला (शौचावाटे बाहेर पडणाऱ्या, कवचातल्या रूपाला) साधारण ४५ मिनिटं लागतात. क्रिप्टोच्या ऊसिस्टला, म्हणजे त्याच्या तशाच कवचातल्या रूपाला, १५,३०० मिनिटं, म्हणजे साडेदहा दिवसांहून जास्त. आपल्याकडचं पिण्याच्या पाण्याचं मानक सांगतं की १०० मिलीलिटर पाण्यात ई. कोलाय नसावा. ती चाचणी उत्तमच आहे, फक्त तिचं उत्तर ज्या प्रश्नाला आहे तोच प्रश्न तिला विचारावा. ई. कोलाय नाही म्हणजे क्रिप्टो नाही, असं त्यातून निघत नाही. ऊसिस्ट पाच-सहा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). रेतीचा गाळणथर नीट चालला तर तो अडकतो, अतिनील किरणांनी मरतो, पाणी उकळलं तरी मरतो. पुण्यात आजी पाणी उकळून, फडक्यातून गाळून, तांब्याच्या हंड्यात ठेवायची. यातल्या तिन्ही गोष्टींबद्दल मला हटकून विचारलं जातं. या बाबतीत भरवसा उकळण्यावर ठेवा.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गियां-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा ओळखीच्या सोसायट्यांमधून सारखे फोन येत होते. त्या साथीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जिवाणूचं नाव पुढे आलं. तो परजीवी नाही, माझ्या अखत्यारीतला नाही. तरी लोक टाकीचा रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर पाठवायचे आणि विचारायचे, ‘ताई, यात काही नाही ना?’ नमुना किती पाण्याचा घेतला, कधी घेतला, कशासाठी तपासला, हे विचारल्याशिवाय मी उत्तर देत नसे. काही जण वैतागले. त्यांचंही बरोबर होतं, त्यांना आज रात्रीचं पाणी प्यायचं होतं. मी म्हणायचे, उकळा, रिपोर्टचं उद्या बघू.

कुठून शिरायचं

शिरायच्या वाटा मुख्यतः तीन. एक, झूऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी, मग नेट परीक्षा देऊन जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप), मग पीएचडी. दुसरी एमबीबीएसनंतर एमडी मायक्रोबायोलॉजी. तिसरी बीव्हीएस्सी करून पॅरासाइटॉलॉजीत एमव्हीएस्सी. या तिसऱ्या वाटेकडे शहरातली मुलं पाहतच नाहीत. साताऱ्याच्या रस्त्यावर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. परजीवीचं अख्खं जीवनचक्र डोळ्यांनी पाहायचं असेल तर पशुवैद्यकासारखी शाळा नाही. मेंढीच्या यकृतातला हायडॅटिडचा (कुत्र्यातल्या पट्टकृमीच्या अळीचा) फुगा हातात घेतलेला विद्यार्थी तो आजार पुस्तकातून शिकलेल्यापेक्षा वेगळाच बोलतो.

पुण्यात बसून काय मिळेल याबद्दल गैरसमज नकोत. एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली, तिचं काम विषाणूंवर आहे. पण पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस ई वर तिथे मोठं काम झालंय, आणि भरपूर पाण्यातून थोडासा जीव कसा गोळा करायचा हा प्रश्न त्यांचा आणि आपला सारखाच आहे. अशा लोकांची व्याख्यानं चुकवू नका. एनसीसीएस या पेशीविज्ञानाच्या राष्ट्रीय केंद्रात काळा आजार करणाऱ्या लेशमॅनियावर बरीच वर्षं काम झालं. तो परजीवी वाळूमाशीतून येतो, पाण्यातून नाही, पण परजीवी आणि आपली प्रतिकारशक्ती यांचं भांडण शिकायला ती जागा चांगली. बीजे मेडिकल आणि ससून इथे रुग्ण आहेत, म्हणजे नमुने आहेत, म्हणजे प्रश्न आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि आयसर आहेतच. मात्र नेमका क्रिप्टो, जिआर्डिया किंवा अमीबा हाच विषय धरून बसलेल्या मोठ्या गटात शिरायचं असेल तर गाव सोडायची तयारी ठेवा: वेल्लोरचं सीएमसी, कोलकाता, चंडीगडच्या पीजीआयचा परजीवीशास्त्र विभाग. फुफ्फुसातल्या पॅरागोनिमस या कृमीसाठी ईशान्य भारत. तो गोड्या पाण्यातले अर्धकच्चे खेकडे खाल्ल्याने होतो. (मुठ्यांचा, म्हणजे ओढ्यातल्या खेकड्यांचा, रस्सा करणाऱ्यांनी घाबरू नये. रटरटा उकळलेल्या रश्शात तो टिकत नाही. अर्धवट भाजलेल्या नांगीबद्दल मी असं म्हणणार नाही.)

पैशांचं. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफला (तिच्या वरच्या टप्प्याला) ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे भत्ता वेगळा. प्रोजेक्टवरच्या जागांना बहुतेक वेळा याहून कमी. फेलोशिप महिन्याच्या महिन्याला येईलच असं धरून घरमालकाला शब्द देऊ नका. जमलं तर दोन-तीन महिन्यांचं भाडं बाजूला ठेवूनच पीएचडीला बसा. हे गाइड सांगत नाहीत, म्हणून मी सांगते.

पहिलं वर्ष मायक्रोस्कोपपाशी

नवी मुलं पीसीआर (डीएनएवरून जीव ओळखायची चाचणी) शिकायला उतावीळ असतात. पीसीआर महिन्याभरात येतो. शौचाच्या नमुन्यात काय दिसतंय हे कळायला वर्ष जातं, आणि तेही रोज बसलात तर.

सलाइनचा थेंब, आयोडिनचा थेंब, कव्हरस्लिप. १० च्या लेन्सखाली वरून खाली, डावीकडून उजवीकडे, स्लाइडचा कोपरा न सोडता. दिसतं बरंच काही. डाळीची सालं, टोमॅटोची त्वचा, परागकण, बुरशीचे बीजाणू, यीस्ट. भाजीतल्या जलवाहिन्यांची स्प्रिंग पाहून ‘मॅडम, अळी!’ म्हणून ओरडलेला विद्यार्थी प्रत्येक बॅचमध्ये असतो. म्हणून डोळ्याच्या अंदाजावर जाऊ नका, भिंगातल्या मोजपट्टीने मोजा. क्रिप्टो चार ते सहा मायक्रॉन, सायक्लोस्पोरा हा त्याच्यासारखाच आतड्यातला परजीवी आठ ते दहा. दोघेही आम्लरोधक रंग घेतात, दोघेही गुलाबी-लाल गोल दिसतात, यीस्ट मात्र तो रंग धरत नाही. मोजलं नाही तर दोघांपैकी कोण ते सांगता येत नाही. सायक्लोस्पोराची गंमत अशी की अतिनील प्रकाशाखाली तो कुठलाही रंग न देता स्वतःच निळा उजळतो. अंधाऱ्या खोलीत पहिल्यांदा ते निळं कडं दिसलं की शी तपासण्याबद्दलची घरातली सगळी कुरबुर विसरायला होते.

अमीबाची गोष्ट वेगळी. पुण्यात निम्म्या लोकांना आपल्याला ‘अमीबायसिस आहे’ असं वाटतं, आणि मेट्रोनिडॅझोल केमिस्टकडून परस्पर आणलं जातं. पण आजार करणारा एन्टअमिबा हिस्टोलिटिका आणि निरुपद्रवी एन्टअमिबा डिस्पार यांच्या सिस्ट मायक्रोस्कोपखाली हुबेहूब सारख्या दिसतात. ही दोन वेगळी आहेत असं ब्रम्प्ट यांनी १९२५ मध्ये म्हटलं होतं, ते सर्वमान्य व्हायला १९९३ उजाडलं. पोटात लाल पेशी घेतलेला, हलणारा अमीबा दिसला तर हिस्टोलिटिकाचा संशय बळावतो. नाहीतर अँटिजेन चाचणी किंवा पीसीआर. इथे पीसीआरला पर्याय नाही, आणि तो नेमका कशासाठी लागतो हे मायक्रोस्कोपवर बसलेल्यालाच कळतं.

आता त्या ‘सापडला नाही’कडे येते. जिआर्डिया आणि अमीबा रोज सारख्या संख्येने बाहेर पडत नाहीत. एका दिवशीचा नमुना स्वच्छ दिसतो, दोन दिवसांनी त्याच माणसाच्या नमुन्यात सिस्टच सिस्ट. म्हणून काही दिवसांच्या अंतराने तीन नमुने मागायची पद्धत आहे. गावातल्या सर्वेक्षणात तीनदा डबी मागितली तर लोक दार लावून घेतात, हेही खरं. मग एकाच नमुन्यावर काम केलं असेल तर अहवालात तसं लिहायचं. आकडा कमीच निघालेला असणार हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

जंतांची अंडी मोजायची काटो-काट्झ पद्धत आणखी नमुनेदार आहे. साच्यात ४१.७ मिलिग्रॅम शी बसते, मोजलेल्या अंड्यांना २४ ने गुणायचं की ग्रॅममागची संख्या आली. पण त्यातल्या ग्लिसरीनमुळे आकडी कृमीची पातळ कवचाची अंडी तासाभरात विरघळल्यासारखी दिसेनाशी होतात. मुळशी-वेल्ह्याकडच्या गावातून नमुने गोळा करून, स्लाइडा तिथेच बनवून, संध्याकाळी पुण्यात परत आल्यावर निवांत बघू म्हटलं तर आकडी कृमी ‘नाहीत’. गावातच शाळेच्या व्हरांड्यात मायक्रोस्कोप मांडावा लागतो. वीज जाते, म्हणून आरशाचा जुना मायक्रोस्कोप जपून ठेवा.

आणि कॅलेंडर बघा. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून पाळला जातो, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट. शाळा-अंगणवाडीत ४०० मिलिग्रॅम अल्बेंडॅझोलची गोळी चघळायला देतात, दोन वर्षांखालच्यांना निम्मी. त्यानंतर लगेच त्या शाळेत गेलात तर गोल जंत जवळपास सापडणारच नाहीत, आणि तुम्ही त्याचं श्रेय स्वच्छतागृहाला देऊन मोकळे व्हाल. चाबूक कृमीवर एका गोळीचा परिणाम तितकासा होत नाही, क्रिप्टोवर तर होतच नाही. त्यामुळे आधी अंगणवाडीच्या ताईंना विचारायचं, गोळ्या कधी वाटल्या, कोण गैरहजर होतं. त्यांच्या वहीत जे असतं ते कुठल्याही डेटाबेसमध्ये नसतं.

एक तांत्रिक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण तिच्यापायी अख्खी सर्वेक्षणं वाया गेलेली पाहिली आहेत. नमुने फॉर्मॅलिनमध्ये ठेवले तर आकार छान टिकतो, पण डीएनए खराब होतो. पुढे पीसीआर करायचा विचार असेल तर एक वाटा पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये किंवा तसाच गोठवून ठेवा. हा निर्णय गावात डबी हातात आल्यावर नाही, प्रस्ताव लिहिताना घ्यायचा.

पाणी आणि कोथिंबीर

शौचाच्या नमुन्यात जीव लाखोंनी असू शकतात. पाण्यात दहा लिटरमागे दोन-चार. आणि तेवढे पुरतात. निरोगी स्वयंसेवकांवर झालेल्या १९९५ च्या प्रसिद्ध प्रयोगात निम्म्या लोकांना संसर्ग व्हायला १३२ ऊसिस्ट पुरेसे असल्याचं गणित निघालं होतं. म्हणून दहा लिटर किंवा जास्त पाणी बारीक फिल्टरमधून काढायचं, फिल्टर धुवायचा, सेंट्रीफ्यूज करायचं, प्रतिपिंड लावलेल्या चुंबकी मण्यांनी ऊसिस्ट वेगळे ओढायचे, मग चमकणारा रंग देऊन मोजायचे. मणी आणि रंग बाहेरून येतात, महाग असतात, आणि कस्टम्समध्ये अडकले की त्यांची मुदत तिथेच संपत येते. अंदाजपत्रकात याला जागा ठेवा.

खडकवासल्याचं पाणी मार्चमध्ये तासाभरात फिल्टरमधून जातं. जुलैत पानशेत-वरसगावकडून लाल गढूळ लोंढा आला की तेच पाणी काही लिटरांतच फिल्टर चोंदून टाकतं. आणि नेमक्या त्याच काळात पाण्यात काही असण्याची शक्यता सर्वांत जास्त. म्हणजे जेव्हा शोधायला हवं तेव्हाच आपली नजर अधू. यावर उपाय एकच: त्याच पाण्याच्या दुसऱ्या वाट्यात मोजून ऊसिस्ट टाकायचे आणि शेवटी त्यातले किती परत मिळाले ते बघायचं. गढूळ पाण्यात टाकलेल्यांपैकी निम्मे परत मिळाले तरी माझ्या लेखी दिवस चांगला गेला. हा परतीचा आकडा दिला नसेल तर ‘नदीच्या पाण्यात क्रिप्टो आढळला नाही’ या वाक्याला मी फारशी किंमत देत नाही, ते कितीही मोठ्या नियतकालिकात छापलेलं असो.

भाजीपाल्याचं काम मला जास्त आवडतं, आणि त्यात माणसं कमी आहेत. मंडईतली किंवा मार्केट यार्डातली कोथिंबिरीची जुडी ग्लायसिनच्या द्रावणात हलवून धुवायची, ते धुवण गोळा करून पुढची प्रक्रिया पाण्यासारखीच. पालेभाज्या आणि बेरीवर्गीय फळांमधल्या क्रिप्टो-जिआर्डियासाठी २०१६ पासून आयएसओचं मानकही आहे. ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक लेट्यूस असावं. आपल्या कोथिंबिरीला मुळं असतात, मुळांना काळी माती असते, आणि त्या मातीत मणी लडबडून जातात. मुळं कापून वेगळी तपासावीत की सगट, यावर आमच्याकडे कडाक्याची भांडणं झाली आहेत. मी ‘वेगळी’च्या बाजूची. घरात मुळं कापून टाकतात, मग धोका मोजताना ती धरायची कशाला? दुसरी बाजू म्हणते, कापायच्या आधी तीच जुडी फ्रिजमध्ये काकडीशेजारी असते. यातही तथ्य आहे.

सायक्लोस्पोरा शौचावाटे बाहेर पडतो तेव्हा संसर्गक्षम नसतो. त्याला उबदार, ओलसर जागी एक-दोन आठवडे पिकावं लागतं. त्यामुळे तो माणसाकडून थेट माणसाकडे जात नाही, वाटेत त्याला पाणी, माती किंवा भाजी लागतेच. १९९६ मध्ये अमेरिका आणि कॅनडात याची मोठी साथ आली तेव्हा माग निघाला तो ग्वाटेमालातल्या रासबेरीपर्यंत. आपल्याकडे रोजच्या तपासणीत त्याला कुणी मुद्दाम शोधत नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहावं लागतं, आणि डॉक्टर लिहीत नाहीत, कारण तो ‘आपल्याकडे फारसा नसतो’. तो आहे की नाही हे शोधल्याशिवाय कसं कळणार, या चक्रात नवा माणूस शिरला तर त्याला पाच-सहा वर्षांचं काम आहे.

शाकाहारी घरांतून येणाऱ्यांसाठी एक विषय मुद्दाम सुचवते: टीनिया सोलियम, डुकरातला पट्टकृमी. अन्नातून येणाऱ्या २४ परजीवींची जागतिक क्रमवारी एफएओ आणि डब्ल्यूएचओच्या तज्ज्ञांनी लावली, ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात हा पहिला. अर्धकच्चं डुकराचं मांस खाल्लं तर आतड्यात पट्टकृमी होतो, त्याचा त्रास फारसा नसतो. पण त्या माणसाच्या शौचावाटे अंडी बाहेर पडतात, आणि ती पाण्यातून, कच्च्या भाजीतून, न धुतलेल्या हातांतून दुसऱ्याच्या पोटात गेली तर अळ्या मेंदूत जाऊन बसतात. फिट येते. जिथे हा कृमी पसरलेला आहे तिथे अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे तो असू शकतो, असं डब्ल्यूएचओ म्हणते. म्हणजे जन्मात मांसाला हात न लावलेल्या माणसाच्या मेंदूत डुकराच्या कृमीची अळी निघते. ‘आम्ही शुद्ध शाकाहारी, आमच्याकडे कसं येईल?’ या प्रश्नाचं उत्तर देताना समोरच्याचा अपमान होऊ नये, ही कला सिटी स्कॅन वाचण्याइतकीच गरजेची.

माणसांशी बोलणं

नैतिकता समितीची मंजुरी, लेखी संमती, मुलांच्या बाबतीत पालकांची संमती आणि सात वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा होकार, हे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सविस्तर आहे. वाचून काढा. त्यात नसलेलं सांगते. डबी देताना घरातल्या मोठ्या बाईशी बोला, पुरुष ‘हो हो’ म्हणतात आणि डबी कोनाड्यात राहते. आशाताईंना सोबत घ्या, पण त्यांच्यासमोर कुणाचा निकाल सांगू नका. वस्तीवर ‘अमक्याच्या पोरात जंत निघाले’ हे पाण्याआधी पसरतं. आणि उपचाराची सोय प्राथमिक आरोग्य केंद्राशी आधी बोलून ठेवल्याशिवाय एकही नमुना घेऊ नका.

आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांशी बोलताना एक आजार अजून निघतो, नारू. पायातून हात-दोन हात लांब कृमी काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचे, हे सांगणारी माणसं आता थोडी उरलीत. विहिरीतल्या बारीक पाणपिसवांतून तो पोटात जायचा आणि सुमारे वर्षाने कातडीतून बाहेर यायचा. लस नाही, औषध नाही. तरी पाणी फडक्यातून गाळून, पायऱ्यांच्या विहिरी बंद करून तो देशातून गेला. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला. पण भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं फेब्रुवारी २००० मध्ये. मधली वर्षं गावोगाव जाऊन ‘आहे का?’ विचारण्यात आणि ‘नाही’ अशी नोंद करण्यात गेली, अफवा आली तरी माणूस पाठवून. ज्या आजाराला पोटातून बाहेर यायला वर्ष लागतं, त्याच्याबद्दल एका पाहणीत ‘नाही’ म्हणता येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हा इतिहास वाचायला लावते, मग त्याला जीनोममध्ये काम करायचं असो की गावात.

जीनोमवाल्यांनाही जागा आहे, फक्त ती कष्टाची आहे. क्रिप्टो प्रयोगशाळेत सहजासहजी वाढत नाही. त्याचा जीनोम २००४ मध्ये वाचला गेला, पण त्यात हवा तसा बदल करणं २०१५ पर्यंत जमलं नव्हतं. ते ज्या गटाला जमलं त्यात सुमिती विनायक यांचं नाव पहिलं आहे. औषधाची स्थिती अजून बेताचीच. नायटाझॉक्सनाइड आहे, पण प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांत त्याचा भरवसा नाही. आणि गरज कुणाला आहे ते २०१३ मध्ये आलेल्या सात देशांच्या मोठ्या बालअतिसार अभ्यासाने दाखवलं. कोलकाताही त्यात होतं. लहान बाळांच्या गंभीर जुलाबांमागच्या चार प्रमुख कारणांत क्रिप्टो निघाला. त्याआधी तो एड्सच्या रुग्णांचा आजार म्हणूनच शिकवला जायचा, मीही तसाच शिकले.

तोट्याची बाजूही ऐका. ‘सापडला नाही’ असं प्रामाणिकपणे सांगणारा शोधनिबंध छापून आणायला त्रास होतो. परीक्षक विचारतात, मग नवीन काय? निवड समित्या निबंध मोजतात, स्लाइडा मोजत नाहीत. या कामात चांगला हात असलेली माणसं कंत्राटं संपली म्हणून डायग्नॉस्टिक कंपन्यांत गेलेली मला माहीत आहेत, आणि तिथे ती सुखात आहेत. त्यालाही करिअरच म्हणतात. पाणी तपासणाऱ्या खाजगी प्रयोगशाळा, अन्नसुरक्षा, रुग्णालयांची लॅब, लस-औषध कंपन्या, या सगळीकडे मायक्रोस्कोपवर बसता येणारा माणूस लागतो आणि सहज मिळत नाही.

जेवणाच्या ताटावर कामाबद्दल बोलू नका, निदान सासरी तरी. आणि हो, मी पाणीपुरी खाते. कुठे, ते सांगणार नाही.

अर्ज कसा करायचा, एवढंच उरलं. नेट वर्षातून दोनदा असते, विद्यापीठाची पीएचडी प्रवेश परीक्षा पेट वेगळी, केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची (डीबीटी) फेलोशिपची परीक्षा बेट वेगळी, तिन्ही तारखा भिंतीवर लावा. गाइडला मेल करताना ‘मला संशोधनाची प्रचंड आवड आहे’ लिहू नका. त्यांचा एक निबंध वाचून त्यातली एक गोष्ट कळली नाही असं लिहा, ती कुठली तेही लिहा. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी पुन्हा लिहा. आम्ही उद्धट नसतो, सेंट्रीफ्यूजपाशी असतो. जागा नसली तरी महिनाभर बसून काम बघू देणाऱ्या प्रयोगशाळा पुण्यात आहेत. विचारलंत तर जुलैत या म्हणेन. एप्रिलमध्ये सगळे फिल्टर नीट चालतात आणि त्यातून काही शिकायला मिळत नाही. येताना जुने कपडे घाला, अ प्रकारच्या काविळीची लस घेतली नसेल तर आधी डॉक्टरांशी बोला, आणि डबा आणला तर तो खाली कँटीनमध्ये ठेवा, लॅबच्या फ्रिजमध्ये नाही.